चौथ्या सीटवर बसण्याचे प्राथमिक धडे

(शहरात नव्याने आलेल्या बायकांसाठी. पुरुषांनी वाचायला हरकत नाही. जुन्यांनी वाचून चुका काढू नयेत.)

प्रथम अभिनंदन. फोर्टात नोकरी लागली आणि डोंबिवलीत राहायची सोय झाली, म्हणजे तुम्ही मुंबईकर झालात. डोंबिवली मुंबईत नाही, ठाणे जिल्ह्यात आहे, हे गावाकडे सांगत बसू नका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ती साधारण ४८ किलोमीटरवर आहे. गावी एवढ्या अंतरावर मुलगी दिली तर 'फार लांब दिली हो' म्हणतात. इथे तेवढं रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं असतं, आणि कुणी लांब म्हणत नाही. 'फास्टने तासाभरावर' म्हणतात.

लागणारं साहित्य

एक सॅक. ती पाठीवर घ्यायची नाही, पोटावर घ्यायची. ओढणी असेल तर दोन सेफ्टी पिना, नाहीतर ओढणी ठाण्याला उतरेल आणि तुम्ही मुलुंडला. लोंबते कानातले नकोत. चप्पल मागून पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल डब्यात राहिली तर उरलेल्या एका चपलेचं काय करायचं हे आजवर कुणाला सुचलेलं नाही. डब्यात रस्सा भाजी नेऊ नका, सुकी उसळ न्या, कारण डबा आडवा होणार, क्वचित उलटाही होणार. छत्री मे महिन्यापासून बरोबर असावी. राग घरून आणायची गरज नाही, गाडीत मुबलक मिळतो.

धडा पहिला : आत शिरणे

इथल्या गाडीला नाव नसतं, वेळ असते. 'आठ अठरा' हे गाडीचं नाव. ती आठ वाजून अठरा मिनिटांनी येते असा त्याचा अर्थ नाही. आठ सव्वीसला आली तरी ती आठ अठराच, आणि तिच्यामागून येणारी आठ चोवीससुद्धा आठ चोवीसच. कुणाची कुठली गाडी यावर ओळखी ठरतात. आमच्याकडे शेजारणीचं माहेर कुठलं हे ठाऊक नसलं तरी ती कितीची लोकल पकडते हे ठाऊक असतं.

फलाटावर कुठे उभं राहायचं हे इंडिकेटर सांगत नाही. तो डबे किती आणि गाडी जलद की धीमी एवढंच सांगतो, आणि गाडी येता येता तेही बदलतो. महिलांच्या डब्याचं दार नेमकं कुठे येणार हे जुन्या बायकांना विचारा. त्यांच्या खुणा ठरलेल्या असतात : हा खांब, ती फुटकी लादी, पत्र्यातून पाणी गळतं ती जागा. त्यांच्या मागे उभ्या राहा. शेजारी नव्हे, मागे. शेजारी उभं राहण्याचा अधिकार काही महिन्यांनी मिळतो आणि तो कुणी देत नाही, तो आपोआप आलेला असतो. गाडी पुरती थांबायच्या आत त्यातल्या दोघी-तिघी दारातून नाहीशा होतील. ते करून बघू नका. सुटलेला हात परत धरायला गाडी थांबत नाही.

आत शिरताना चालायचं नसतं. चालवलं जायचं असतं. तुम्ही फक्त पाय खाली टेकलेले आहेत ना एवढं पाहा. रेल्वेच्या भाषेत या अवस्थेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे : एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसं. अंदाज यायला घरी एक प्रयोग करा. जमिनीवर खडूने मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद चौकोन आखा आणि त्यात संक्रांतीचं अख्खं हळदीकुंकू उभं करा. वाणासकट.

'आत चला ना, आत एवढी जागा आहे!' असं फलाटावरून ओरडणारी बाई एकदा आत आली की पाठीमागच्यांना म्हणते, 'कुठे चढताय? जागा कुठंय?' पक्षांतराला इतका कमी वेळ आपल्या विधानसभेतही लागत नाही. तिच्यावर रागावू नका. दारातून तीन पावलं आत गेल्यावर तुम्हीही तेच म्हणणार आहात.

फर्स्ट क्लासबद्दल नवशिक्या नेहमी विचारतात. तिथे गाद्या मऊ असतात. उभ्या माणसाला गादीचा उपयोग काय, हे तुमचं तुम्ही ठरवा. एसी लोकल मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे आणि तिची दारं आपोआप बंद होतात, म्हणजे व्हायला हवीत. दारात एक बाई जास्त झाली की दार मिटत नाही, दार मिटलं नाही की गाडी हलत नाही, आणि मग त्या शेवटच्या बाईला उतरवण्यासाठी अख्खा डबा एकमुखाने बोलतो. इतर वेळी या डब्याचं एकमत एसीच्या तापमानावरही होत नाही.

धडा दुसरा : चौथी सीट

हा धडा नीट वाचा. बाकीचं शहर यातच आहे.

लोकलचा बाक तिघींचा असतो. रेल्वेच्या हिशेबात तीनच. चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, ती प्रवाशांनी आपापसांत काढली आहे. ती मिळवायला एकच वाक्य लागतं : 'जरा सरकता का?' याला तोंडी उत्तर येत नाही. खिडकीतली खिडकीला चिकटते, मधली तिला चिकटते, तिसरी तोंड वाकडं करून अर्ध्या मांडीएवढी हलते आणि बाकाच्या टोकाला वीतभर जागा मोकळी होते. तिथे बसायचं. बसायचं म्हणजे एक मांडी टेकवायची, दुसरा पाय वाटेत रोवायचा आणि उरलेला भार समोर उभ्या असलेल्या बाईच्या गुडघ्यांवर सोडायचा. तिची हरकत नसते, तिलाही कुठेतरी टेकायचंच असतं. सॅक मांडीवर घेतलीत की ती तिची पर्स तुमच्या सॅकवर ठेवेल. विचारणार नाही. ठेवू द्या. मुलुंड गेलं, भांडुप गेलं, कुणीतरी उतरलं, की बाक सरकतो आणि तुम्ही चौथ्याच्या तिसऱ्या होता. नोकरीतल्या बढतीपेक्षा ही बढती जास्त नियमित आहे, आणि हिच्यासाठी साहेबाला भेटावं लागत नाही.

मागावी कुणाला, यालाही शास्त्र आहे. कानात यंत्र घालून मालिका बघणारीला मागू नका. तिला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी येत नाही. डोळे मिटून बसलेल्यांत झोपलेल्या थोड्या आणि मिटलेल्या जास्त असतात. पोथी वाचणारी सरकते, पण अध्याय संपल्यावर. भाजी निवडत बसलेली लगेच सरकते, कारण तिला शेंगा सोलायला दोन हात आणखी हवे असतात. घाटकोपरपर्यंत तुम्ही पाव किलो मटार सोललेले असतील आणि तिचं मोठ्या जावेशी का पटत नाही हे तुम्हाला कळलेलं असेल.

आता पूर्ण सीट. ती रिकामी झाल्यावर मिळत नसते, ती आधीच नोंदवायची असते.

'ताई, कुठे उतरणार?'

'घाटकोपर.'

'मला द्या हं.'

'त्या हिरव्या ड्रेसवालीने सांगितलंय.'

'मग तिच्यानंतर?'

'ती दादर. तिला विचारून ठेवा.'

झाली नोंद. कुठे लिहिलेली नाही, पण आजूबाजूच्या दहा बायकांच्या लक्षात असते आणि हिरव्या ड्रेसवालीला डावलून मधूनच कुणी टेकलं तर त्या दहाही जणी साक्षीला उभ्या राहतात. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी भाऊबंद पिढ्यानपिढ्या कोर्टात जातात. घाटकोपरच्या सीटवर अपील नाही.

या व्यवस्थेचं फार कौतुक करण्याआधी दुसरी बाजू सांगते. सकाळी कल्याणहून सुटलेली गाडी डोंबिवलीला येते तेव्हा आत बसलेल्यांत डोंबिवलीच्याच पुष्कळ असतात. त्या उलट्या कल्याणला जाऊन, बसून, परत आलेल्या असतात. याला रिटर्न येणं म्हणतात. सीटसाठी अर्धा तास द्यायचा की झोपेसाठी, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. मला राग येतो तो ग्रुपचा. एकीने चढायचं आणि चार जणींच्या जागांवर रुमाल, पिशवी, पाण्याची बाटली टाकायची. नव्या मुलीने बाटली बाजूला केली तर 'आमचा ग्रुप आहे' असं ऐकवायचं, जणू काही बाक माहेरून आणलाय. या भांडणात तुम्ही हरणार. तरी एकदा भांडून घ्या, दुसऱ्या दिवसापासून त्या ओळखायला लागतात.

आणि हाच ग्रुप कर्जत-कसाऱ्याकडून बसून आला असेल, तर ठाणं आलं की त्यातल्या काही जणी न सांगता उठतात आणि तिथवर उभ्या असलेल्यांना बसवतात. निम्मी वाट तुमची, निम्मी आमची. कुणाचा फतवा नाही, दंड नाही, डब्यात पाटी नाही. दमलेल्या माणसाने मिळालेली जागा आपण होऊन सोडणं ही या शहरात मी पाहिलेली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्या बायका तासाभरापूर्वी पाण्याच्या बाटलीवरून भांडलेल्या असतात. दसऱ्याच्या आधी याच बायका डब्याला झेंडूचं तोरण बांधतात, पूजा करतात आणि पेढे वाटतात. बाटली बाजूला करणाऱ्या मुलीलाही पेढा मिळतो.

एक सूचना वयाबद्दल. पहिल्या वर्षी तुम्हाला 'ए, सरक ना' म्हणतील. मग 'ताई'. एके दिवशी कॉलेजातली कुणी उठून म्हणेल, 'काकू, बसा तुम्ही.' वाईट वाटून घेऊ नका. सीट घ्या. वाईट बसूनही वाटता येतं.

धडा तिसरा : रिक्षा

मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं. ही माहिती पाठ करायला चांगली आहे. डोंबिवली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा असतात. परवाना तीन प्रवाशांचा. तीन बसले की चालक बाहेर डोकं काढून ओरडतो, 'एक सीट, एक सीट!' ही सीट म्हणजे तुम्ही. ती चालकाच्या शेजारी असते, निम्मी रिक्षात आणि निम्मी रस्त्यात. मागे बायका असतील तर मागचा तरुण मुलगा मुकाट्याने पुढे जाऊन बसतो आणि तुम्हाला मागे जागा होते. पुढे बसल्यावर तो ब्रेकला पाय लागू नये म्हणून गुडघे छातीशी घेतो. पोलीस दिसला तर चालक त्याला कोपऱ्याआधी उतरवतो आणि कोपऱ्यानंतर पुन्हा घेतो. पोलिसालाही हे माहीत असतं.

धडा चौथा : घर

घर शोधायचं नसतं, एजंट शोधायचा असतो. एजंटच्या तोंडी स्टेशन नेहमी 'वॉकिंग डिस्टन्स'वर असतं. चालणार कोण, हे तो सांगत नाही. 'हवेशीर' म्हणजे वरचा मजला, लिफ्ट नाही. 'शांत एरिया' म्हणजे रिक्षा येत नाही. 'पाण्याचा प्रॉब्लेम नाही' असं कुणीही न विचारता सांगितलं की समजा, आहे. नळाला पाणी किती वाजता येतं हे एजंटला विचारू नका, जिन्यात भेटेल त्या पहिल्या बाईला विचारा. ती वेळ सांगेल, टाकी कुणाच्या चुकीने ओसंडते ते सांगेल आणि आधीचा भाडेकरू का गेला तेही सांगेल.

मग मालक. तो भाड्याचं नंतर बोलतो, आधी आडनाव विचारतो. पूर्ण आडनाव. नाव, आडनाव, गाव यांतून त्याला हवं ते कळलं नाही तर 'नॉनव्हेज करता का?' असं विचारतो. उत्तर पटलं नाही तर फ्लॅट कालच गेलेला असतो. मुंबईत मराठी माणसाला घर नाकारलं की आपल्या रागाला पारावार राहत नाही, आणि राहूही नये. फक्त मराठी मालकाच्या दारातून मुसलमान जोडपं याच वाक्यावर परत जातं तेव्हा त्या रागातला थोडा शिल्लक ठेवत चला. एकट्या मुलीला वेगळा पेपर असतो : लग्न कधी करणार, रात्री किती वाजता येणार, 'कुणी येतं-जातं का?' शेवटच्या प्रश्नाला 'आई येते' हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

करार ११ महिन्यांचा होतो. अकराच का, हे मालकाला माहीत नसतं, एजंटला माहीत नसतं, टायपिंगवाल्यालाही नसतं. वर्षाखालचा करार नोंदवावा लागत नाही, या जुन्या समजुतीचा तो अवशेष आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर शिक्षा मालकाला, आणि अटींवरून वाद झाला तर वेगळं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मालक म्हणेल, 'आपल्या माणसांत कशाला नोंदणी?' आपल्या माणसांत डिपॉझिट कशाला, असं लगेच विचारू नका. करारावर सही झाल्यावर विचारा.

एवढ्या लांब येऊन का राहायचं, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. उत्तर शंभर वर्षांत मिळत गेलेलं आहे. गिरण्या, गोदी, कचेऱ्या सगळं दक्षिणेच्या टोकाला होतं, आणि माणसं गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत राहून कामावर चालत जात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून बहुतेक गिरण्या पूर्ववत उठल्याच नाहीत. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली मुलं लग्न झाल्यावर डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. कुणी खोली विकून, कुणी भावाला सोडून. घर सरकलं, कचेरी फारशी सरकली नाही. मधलं अंतर तुम्ही रोज सकाळी चौथ्या सीटवर बसून भरून काढता.

धडा पाचवा : शेजार

भिंती पातळ आहेत. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करण्याची चूक सगळेच करतात. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, असे २००० सालचे नियम सांगतात. वर्षातले १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते पंधरा दिवस मंडळांना पाठ असतात, उरलेले ३५० पाठ नसतात. खिडक्या लावून घ्या.

धडा सहावा : आणीबाणी

इथवर गंमत झाली. या धड्यात फारशी नाही.

पावसाळ्यात एक दिवस गाड्या बंद पडतील. रुळांवर पाणी येईल, दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी उभी राहील, दिवे जातील. अशा वेळी डब्यातल्या बायका काय करतात ते बघा. कुणाची बिस्किटं निघतात, कुणाचा पॉवर बँक फिरतो, गरोदर बाईला खिडकी मिळते, कुणीतरी गाणी म्हणायला लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अनोळखी घरांनी रात्रभर अनोळखी माणसांना ठेवून घेतलं, जेवू घातलं. ते खरं आहे आणि त्यात कुणी शंका घेऊ नये.

पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'मुंबईचं स्पिरिट' हा मथळा येतो, तेव्हा सावध व्हा. तो मथळा चौथी सीट देणाऱ्यांचं कौतुक करतो आणि चौथा बाक न बसवणाऱ्यांना मोकळं सोडतो.

तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं उदाहरण घ्या. हल्ली त्याला प्रभादेवी म्हणतात. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच कचेऱ्या आल्या, रोज उतरणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि परळला जोडणारा पादचारी पूल राहिला तोच अरुंद. प्रवासी नवा पूल मागत होते. तो होईपर्यंत त्याच जिन्यावर सरकून घेत होते. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, अचानक पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, मागून आलेले थांबू शकले नाहीत. २३ माणसं चेंगरून मेली. त्यानंतर लष्कर बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस नवा पूल उभा राहिला. पाच महिन्यांत! म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं.

ठाणे आणि दिवा यांच्यामधली पाचवी आणि सहावी मार्गिका वर्षानुवर्षं रखडून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही ९ जून २०२५ ला सकाळी याच टप्प्यातल्या मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काही जण जिवानिशी गेले. ते हौसेने लटकले नव्हते. आत एका चौरस मीटरमध्ये सतरावं माणूस बसत नाही, एवढंच कारण. त्या दिवशीही पुष्कळ शहाण्यांनी टीव्हीवर सांगितलं की लोकांनी दारात उभं राहू नये. कुठे उभं राहावं, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून या धड्यातला नियम लिहून घ्या. शेजारणीने 'जरा सरकता का' म्हटलं तर सरका, ती तुमच्यासारखीच दमलेली आहे. ज्याच्या हातात बाक वाढवणं, पूल बांधणं, गाडी सोडणं आहे त्याने तेच म्हटलं तर सरकू नका. आम्ही नेमकं उलटं करत आलो. शेजारणीशी भांडलो आणि वर कुणालाच काही बोललो नाही.

बोलावं कुणाशी, हीदेखील अडचण होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकांनी पाहिला. एवढा काळ एवढ्या मोठ्या शहरांना एकही नगरसेवक नव्हता, आणि पुष्कळांच्या ते ध्यानातही आलं नाही. गटारं तशीच तुंबत होती, गणपतीच्या शुभेच्छांचे फलक तसेच लागत होते.

नवशिक्यांच्या शंका

आठ अठरा चुकली तर? आठ चोवीस आहे. ती चुकली तर साहेबाला 'सेंट्रलचा लोचा' एवढंच कळवा, पुढचं त्याला कळतं. तोही कळव्याहून येतो.

रविवारी? मेगाब्लॉक असतो. नातेवाइकांकडे जायचं टाळायला यापेक्षा चांगलं कारण उपलब्ध नाही, आणि समोरचेही ते आनंदाने मान्य करतात.

डब्यात रडू आलं तर? खुशाल रडा. कुणी विचारणार नाही. फार तर कुणीतरी खिडकीजवळ सरकवेल आणि पाण्याची बाटली पुढे करेल, आणि कुर्ल्याला उतरून जाईल. तिचं नाव तुम्हाला कळणार नाही. कानातलेवाली आली तर मात्र ती याही अवस्थेत तुम्हाला दहा रुपयांचे टॉप्स दाखवेल. घ्या एखादी जोडी, लोंबती नको.

तक्रार कुठे करायची? रेल्वेचा हेल्पलाइन क्रमांक १३९. तक्रार नोंदवली की तिचा नंबर लिहून घ्या आणि आठवड्याने पुन्हा फोन करा. एकीने केलेला फोन विसरला जातो. डब्यातल्या सगळ्या जणींनी एकाच आठवड्यात केलेला विसरायला अवघड जातो, आणि ग्रुप असण्याचा खरा उपयोग तिथे आहे, सीटवर रुमाल टाकण्यात नाही.

गावी परत जावं का? हा प्रश्न सगळ्या विचारतात, सहसा जुलैत. प्रामाणिक उत्तर देते. जायचं असेल तर लवकर जा. उशीर केलात तर गावच्या रिकाम्या एसटीत अख्खा बाक मोकळा असतानाही तुम्ही कडेलाच बसाल आणि शेजारची बाई कुठे उतरणार ते विचाराल. आणि राहायचं ठरवलंत, जे बहुतेकींचं दिवाळीपर्यंत आपोआप ठरतं, तर पास महिन्याचा काढू नका. तिमाही काढा. तीन मासिक पासांपेक्षा तो स्वस्त पडतो.